प्रश्न वाचकांचे : १४२ पायऱ्यांचं काल्ताजिरोने

सिसिली हे इटलीच्या दक्षिण टोकाचं बेट. त्याच्या आतल्या डोंगराळ भागात, कातानिया शहरापासून साधारण ७० किलोमीटरवर काल्ताजिरोने वसलं आहे. सिसिलीवर अरबांचं राज्य होतं त्या काळापासून चकचकीत रंगीत मातीकामासाठी त्याची ओळख आहे. ११ जानेवारी १६९३च्या भूकंपात ते कोसळलं आणि पुन्हा बांधलं गेलं. २००२ साली युनेस्कोने सिसिलीच्या आग्नेयेकडच्या ‘व्हाल दि नोतो’ या भागातल्या आठ गावांना मिळून जागतिक वारसा म्हटलं, त्या आठात हेही आहे. मागच्या अंकात या गावाबद्दल चार ओळी आल्या होत्या. त्यावर प्रवासाला निघालेल्यांचे, मातीकाम शिकणाऱ्यांचे आणि घर बांधणाऱ्यांचेही प्रश्न आले. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

गुडघे दुखतात. तिथला प्रसिद्ध जिना १४२ पायऱ्यांचा आहे असं वाचलं. गाडीने वर जाऊन सावकाश उतरून आलं तर चालेल ना? (कोथरूड)

उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्तच ताण येतो, आणि जिनाही दिसणार नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण बहुतेकांच्या लक्षात येतं ते अर्ध्यावर उतरून आल्यावर.

सांता मारिया देल मोंते हा जिना १६०६ साली बांधायला घेतला. खालची नगरपालिका आणि वरचं चर्च जोडणं हा त्याचा हेतू. आधी तो तुकड्यातुकड्यांत होता, १८४४ मध्ये सलग केला गेला. रंगीत फरश्या मात्र अलीकडच्या, १९५४ सालच्या आहेत. त्या पायरीच्या फक्त उभ्या भागावर बसवल्या आहेत. पाऊल पडतं तो आडवा भाग लाव्हाचा काळा दगड आहे, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद. त्यामुळे खाली उभं राहून वर पाहिलं की जिना निळ्या, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांनी भरलेला दिसतो, आणि वरून खाली पाहिलं की नुसता करडा उतार. जिन्याच्या दोन टोकांना उभ्या दोन माणसांना एकाच जिन्याची दोन वेगळी रूपं दिसावीत असा हा प्रकार आहे.

तेव्हा खालच्या चौकातून निदान पहिल्या तीस-चाळीस पायऱ्या चढाच. पर्वतीच्या १०३ पायऱ्या अधूनमधून चढत असाल तर पूर्ण जिनाही जमेल. तो १३० मीटरहून लांब आहे, म्हणजे पायऱ्या ऐसपैस आहेत आणि चढ अंगावर येत नाही. दोन्ही बाजूंना कारागिरांची दुकानं आहेत. दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी एखाद्या दुकानात डोकावलं की श्वासही सावरतो.

पायऱ्यांवरचं कोणतंही नक्षीकाम पुन्हा येत नाही, प्रत्येक पायरीचं वेगळं आहे. अरब काळापासून विसाव्या शतकापर्यंतच्या शैली त्यात उतरवल्या आहेत. चढताना दर दहा पायऱ्यांनी थांबून एकच फरशी जवळून पाहा. भौमितिक जाळी कुठे संपते, वेली कुठे सुरू होतात, माणसं आणि प्राणी कुठे येतात, हे चालता चालता निसटून जातं.

अगदीच चढणं शक्य नसेल तर वळसा घालून गाडीने वरच्या चर्चपर्यंत जाता येतं. मग उतरताना दर काही पायऱ्यांनी थांबून मागे वळून पाहा. पाऊस पडून गेला असेल तर उतरूच नका, कारण शेकडो वर्षं घासलेला तो दगड ओला झाला की शेवाळल्यासारखा निसरडा होतो. बूट रबरी तळव्याचे हवेत.

कातानियाहून एका दिवसात जाऊन येता येईल का? गाडी भाड्याने घ्यावी की बस बरी? (औंध)

येईल, मात्र रविवारी नको. बसला दीड तासाच्या आसपास लागतो, पण रविवारी आणि सणाच्या दिवशी फेऱ्या फारच कमी होतात. सकाळी पोहोचलात आणि परतीची बसच नाही, असं होऊ शकतं. परतीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. बस आणि रेल्वे दोन्ही गावाच्या नव्या भागात उतरवतात. जुना भाग तिथून चढावर आहे.

दुसरी अडचण दुपारची. साधारण १ ते ४ या वेळात दुकानं आणि कार्यशाळा बंद असतात. पुण्यातल्या वाचकांना दुपारची बंद दुकानं नवीन नाहीत, तरी प्रवासात नेमका याच गोष्टीचा विसर पडतो. ११ वाजता पोहोचलात तर हातात दोनच तास उरतात. म्हणून सकाळी लवकर निघा. आधी सिरॅमिक संग्रहालय, मग १ वाजेपर्यंत एक-दोन कार्यशाळा, दुपारी जेवण आणि सार्वजनिक बाग, ४नंतर जिना आणि त्यावरची दुकानं, असा क्रम लावा. संग्रहालय आधी घेण्याचं कारण असं की, तिथली जुनी भांडी पाहिलेल्या डोळ्यांना दुकानातल्या शंभर ताटल्यांमधली चांगली ताटली ओळखता येते. संग्रहालयाची वेळ रोज सारखी नसते, निघण्याआधी पाहून घ्या.

गाडी घ्यायची तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, आणि मूळ परवानाही सोबत ठेवा. इटलीतल्या जुन्या गावांत ठरावीक रस्त्यांवर बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. तिथे कॅमेरे असतात आणि दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो. गाडी खाली लावून चालत जा. गाडी असण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. तीसेक किलोमीटरवर पियात्सा आर्मेरिनाजवळ रोमन काळातला वाडा आहे, त्याच्या जमिनीवरचं मोझॅइक काम पाहून त्याच दिवशी परतता येतं.

रोमहून रेल्वेने जाणं कसं? (सिंहगड रस्ता)

वेळ असेल तर जरूर. मेस्सिनाची सामुद्रधुनी ओलांडताना गाडीचे डबे बोटीतल्या रुळांवर चढवतात आणि पलीकडे उतरवतात. कातानियापर्यंत जवळपास पूर्ण दिवस किंवा पूर्ण रात्र जाते. वेळ नसेल तर विमानाने सव्वा तास.

कोणत्या महिन्यात जावं? दिवाळीच्या सुटीत जमेल का? (चिंचवड)

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे पुण्यापेक्षा किंचितच उंच आहे, पण पावसाचं गणित आपल्या उलट. तिथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस थंडीत पडतो. दिवाळी ऑक्टोबरात आली तर हवा छान मिळेल. नोव्हेंबरात आली तर छत्री आणि जाड स्वेटर न्या.

एक अपवाद सांगायलाच हवा. जुलैची २४ आणि २५ तारीख. सेंट जेम्स हे गावाचे पालक संत, त्यांचा हा उत्सव. त्या रात्री जिन्यावर हजारो छोटे तेलाचे दिवे लावतात. प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कागदाची नळी असते आणि नळ्यांचे रंग असे मांडतात की खालून पाहिल्यावर सबंध जिन्याचं एकच चित्र दिसतं. त्रिपुरी पौर्णिमेला पायऱ्यांवर आणि घाटांवर पणत्या लावतो त्याची आठवण होईल, फक्त इथे प्रत्येक पणतीची जागा आणि रंग आधीच आराखड्यावर ठरलेला असतो. ऊन कडक असतं, राहण्याच्या जागा महिनोन्‌महिने आधी भरतात, तरीही दोन्हींपैकी एक रात्र गाठता आली तर गाठा. मे महिन्यात तोच जिना फुलांच्या कुंड्यांनी सजवतात, तेव्हा गर्दी कमी असते.

हाताने रंगवलेलं आणि छापील यात फरक कसा ओळखायचा? दुकानदार सगळंच हाताचं म्हणतात. (सदाशिव पेठ)

हे समजण्यासाठी आधी ते बनतं कसं ते पाहावं लागेल.

या कामाला मायोलिका म्हणतात. लाल किंवा पिवळसर मातीचं भांडं घडवून, सावलीत पूर्ण वाळवून साधारण ९५० ते १००० अंशांवर एकदा भाजतात. मग ते पांढऱ्या ग्लेझच्या, म्हणजे भट्टीत वितळून काच होणाऱ्या लेपाच्या, पातळ मिश्रणात दोन-तीन सेकंद बुडवून काढतात. त्या ग्लेझमध्ये कथलाचं ऑक्साइड असतं. ते वितळलेल्या काचेत विरघळून जात नाही, बारीक कणांच्या रूपात तरंगत राहतं, आणि म्हणून पृष्ठभाग दुधासारखा अपारदर्शक पांढरा होतो. भाजलेली माती पाणी शोषून घेते आणि वर ग्लेझची कोरडी भुकटी राहते. या भुकटीवर, ती न भाजता, चित्र काढतात. ब्रश टेकला की भुकटी रंगातलं पाणी क्षणात पिऊन टाकते. रेघ खोडता येत नाही. पुसायला गेलं तर ग्लेझच खरवडून निघतं. त्यानंतर ९२० ते ९५० अंशांची दुसरी भट्टी. तिच्यात रंग आणि ग्लेझ एकत्र वितळतात.

आता ताटली हातात घ्या. हाताच्या रेघेत ब्रश टेकला तिथे रंग गडद असतो, उचलला तिथे फिकट. एकाच पानाच्या वीस आवृत्त्या काठाभोवती असतील तर त्यातली दोन पानं हुबेहूब सारखी नसतात, आणि जिथे वेल सुरू होऊन परत येऊन मिळते तिथे शेवटचं पान थोडं दाटलेलं किंवा ताणलेलं असतं. ती जागा शोधा. रंगाच्या कडा ग्लेझमध्ये जराशा विरघळलेल्या असतात. छापील चित्रात कडा कापल्यासारख्या स्वच्छ असतात. भिंगातून पाहिलं तर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसतात आणि बोटाला कधी कधी चित्राची कड लागते. शेजारची दुसरी ताटली उचलून तोच कोपरा ताडून पाहणं ही सगळ्यांत सोपी परीक्षा.

मग ताटली उलटी करा. तळाला ग्लेझ नसलेली कडा असेल तर तिथे मातीचा खरा रंग दिसतो. तीन बारीक टोचल्यासारख्या खुणा दिसल्या तर घाबरू नका, भट्टीत ताटली ज्या तिकाटण्यावर ठेवली होती त्याच्या त्या खुणा आहेत. तो दोष नव्हे. सही, कार्यशाळेचं नाव आणि गावाचं नाव हाताने लिहिलेलं असावं. शेवटी ताटली तीन बोटांवर तोलून काठावर टिचकी मारा. आवाज फुटका आला तर आत तडा आहे. आपल्याकडे माठ घेताना करतो तेच.

इतक्या रंगांत लालभडक कुठेच का नाही? (बिबवेवाडी)

भट्टी सोसत नाही म्हणून. निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, पिवळा अँटिमनीचा, जांभळट तपकिरी मँगनीजचा. हे चार जुने भरवशाचे रंग. लोहापासून केशरी, विटकरी मिळतो, पण कथलाच्या ग्लेझवर तो उष्णतेच्या थोड्या फरकानेही तपकिरी पडतो. दुकानात टोमॅटोसारखा लाल दिसला तर तो आधुनिक कारखानी रंग समजा. त्यात वाईट काही नाही, पण ते भांडं परंपरागत रंगात केलेलं म्हणून विकत असतील तर मान डोलावू नका.

मुकुट घातलेली माणसांची डोकी, त्यात झाडं, हा काय प्रकार आहे? (कर्वेनगर)

त्यांना ‘तेस्ता दि मोरो’ म्हणतात. पालेर्मोची एक दंतकथा अशी. एका मुलीचं परदेशी मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम, तरुणावर प्रेम बसलं. त्याला मायदेशी बायको-मुलं आहेत हे कळल्यावर तिने त्याचं डोकं उडवलं आणि त्याची कुंडी करून गॅलरीत बेसिल लावलं. रोप इतकं फोफावलं की शेजाऱ्यांनी तशाच मातीच्या कुंड्या करून घेतल्या. बेसिल म्हणजे ज्याचं बी आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो, त्याच जातीचं, तुळशीच्या कुळातलं. भेट म्हणून नेताना कथा सांगायची की नाही ते घर बघून ठरवा. ज्यांना ती नको वाटते त्यांनी पाइनच्या फळासारखी मातीची ‘पिन्या’ घ्यावी, ती समृद्धीची खूण मानतात.

तिथल्या ताटल्यांत रोज जेवता येईल का? ग्लेझमध्ये शिसं असतं असं ऐकलं. (सहकारनगर)

जुन्या काळच्या ग्लेझमध्ये असायचंच. शिशामुळे ग्लेझ कमी उष्णतेत वितळतं आणि रंग खुलतात, आणि जुना पिवळा रंग तर शिसं आणि अँटिमनी यांचाच संयुग. म्हणून जुनं, पुराणवस्तूंच्या दुकानातलं भांडं भिंतीवर लावा, त्यात खाऊ नका.

नव्या भांड्यांचं वेगळं. अन्नासाठी विकायच्या सिरॅमिकला युरोपात नियम आहेत. भांड्यात ४ टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड २४ तास ठेवून त्यात किती शिसं उतरलं ते मोजतात. खोलगट भांड्यांसाठी एका लिटरमागे ४ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. विकत घेताना ‘पेर आलिमेंती?’ म्हणजे ‘अन्नासाठी आहे का?’ असं स्पष्ट विचारा, आणि तळाला पेला-काट्याचं चिन्ह किंवा तसा लेखी उल्लेख बघा. दुकानदाराने ‘शोभेची’ म्हटलं तर ती शोभेचीच, तिथे घासाघीस करू नका.

अन्नाची ताटली असली तरी आपल्या स्वयंपाकाचा विचार करायला हवा. तपासणीत ॲसिड वापरतात, आणि आपल्या जेवणात निरनिराळी ॲसिडं रोजच असतात. चिंच, आमसूल, लिंबू, ताक. कोकमाचं सार किंवा लोणचं अशा भांड्यात साठवून ठेवू नका. वाढून लगेच खाणं वेगळं आणि रात्रभर ठेवणं वेगळं. पोळी, कोरडी भाजी, फळं, फरसाण यांना काही अडचण नाही. आत बारीक जाळीसारख्या भेगा पडल्या किंवा काठ उडाला की त्या जागेतून खालची सच्छिद्र माती तेल आणि हळद पिते, डाग कायमचा राहतो. कडकडीत फोडणी थेट ताटलीत ओतू नका. भांडी घासायला काथ्या आणि तारेची घासणी नको, मऊ स्पंज पुरे. सोनेरी किंवा धातूसारखी चमक असेल तर मायक्रोवेव्ह वर्ज्य.

बंगल्याच्या बाहेरच्या जिन्याला तसाच रंगीत फरश्यांचा साज करायचा आहे. २१ पायऱ्या आहेत. तिथून फरश्या आणाव्यात का? (बाणेर)

कल्पना छान आहे, आणि नीट मोजमाप केलं तर होईल. पण यात चुका बऱ्याच होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, फरशी फक्त उभ्या भागावर, ज्याला गवंडी रायझर म्हणतात तिथे. मायोलिकाचं ग्लेझ मऊ असतं. चपलेखालच्या वाळूने वर्षभरात ओरखडे पडतात, आणि ओलं झाल्यावर पाय घसरतो. पाऊल ठेवायला कडाप्पा, शहाबादी किंवा खरबरीत ग्रॅनाईट घाला. काल्ताजिरोनेतही विभागणी हीच आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. आपल्याकडे पायरी बहुधा १५ ते १७ सेंटिमीटर उंच असते. तिथे सहज मिळणारी फरशी २० किंवा १० सेंटिमीटरची. २० ची फरशी १६ वर बसवायची तर ४ सेंटिमीटर कापावं लागेल आणि नक्षीचा काठच जाईल. म्हणून निघण्याआधी सर्व २१ पायऱ्या मोजा. एकच मोजून चालत नाही, गवंड्याच्या हातून पहिली आणि शेवटची पायरी हमखास वेगळी झालेली असते. आडव्या फरशीची जाडी आणि पुढे आलेली कड वजा करून उरलेली उंची लिहा. सर्वांत कमी उंची धरून कार्यशाळेला माप द्या, त्या मापाने करून देतात. वरची फट दगडाच्या कडेखाली लपते.

वजनाचं गणितही करा. २० × २० सेंटिमीटरची, १ सेंटिमीटर जाड फरशी अंदाजे ७०० ग्रॅमची असते. १.२ मीटर रुंदीच्या एका पायरीला सहा, २१ पायऱ्यांना १२६, म्हणजे जवळजवळ ९० किलो, वर दहा टक्के जादा. विमानाच्या सामानात हे बसत नाही. जहाजाने मागवणं किंवा प्रत्येक पायरीला मध्ये एकच चित्राची फरशी आणि दोन्ही बाजूंना इथली साधी, असे दोन मार्ग आहेत. दुसरा आम्हाला जास्त पटतो. २१ फरश्या म्हणजे १५ किलो, आणि प्रत्येक पायरी वेगळी ठेवण्याची मूळ कल्पनाही जपली जाते.

बसवताना साध्या सिमेंटवर बसवणार असाल तर फरशी आधी पाण्यात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, ठेवा. नंतर उभी करून पाणी निथळू द्या. कोरडी फरशी सिमेंटमधलं पाणी ओढून घेते, सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही आणि दोन पावसाळ्यांत फरशी टपकन सुटते. टाइलचं तयार ॲडहेसिव्ह वापरत असाल तर भिजवायची गरज नाही. फक्त ते पाठीवर सगळीकडे पसरा, गवंडी घाईत पाच ठिपके लावतात तसं नको. पोकळीत पावसाचं पाणी साचतं, भिंतीतले क्षार घेऊन कडेने बाहेर येतं आणि पांढरे ओघळ उठतात. हाताच्या फरश्यांत एक-दोन मिलिमीटरचा फरक असतोच, म्हणून सांधा २-३ मिलिमीटरचा ठेवा. सांधे भरायला गडद रंग नको. ग्लेझमध्ये सूक्ष्म भेगा असतील तर काळा रंग त्यात शिरतो आणि पुन्हा निघत नाही. भरल्यावर दहा मिनिटांत ओल्या स्पंजाने पुसा.

पुण्यात बर्फ पडत नाही, त्यामुळे थंड देशांत ज्याची भीती असते तो गोठून फुटण्याचा धोका इथे नाही. आपला शत्रू चार महिन्यांची ओल. जिन्याच्या डोक्यावर पत्रा किंवा सज्जा असेल तर फरश्या पिढ्यानपिढ्या टिकतात.

फुटू न देता घरी कसं आणायचं? (वानवडी)

ताटल्या एकावर एक आडव्या ठेवू नका, ग्रामोफोनच्या तबकड्यांसारख्या उभ्या ठेवा. उभ्या ताटलीचा काठ दाब सहन करतो, आडवीचा मधला भाग चिरतो. प्रत्येकीभोवती बुडबुड्यांचं प्लॅस्टिक दोन वेढे. पोकळ भांड्याच्या आत मोजे, कपडे गच्च भरा, पण कान आणि नक्षीचे उंचवटे यांच्यावर दाब येऊ देऊ नका. मग छोटा खोका मोठ्या खोक्यात, मध्ये सर्व बाजूंनी ५ सेंटिमीटर गादी. बंद खोका हलवून पाहा. आतून जरा जरी आवाज आला तरी पुन्हा उघडा. चाकाच्या बॅगेत भांडी तळाशी चाकांकडे नकोत, मधोमध ठेवा.

बिलं जपा. एका दुकानातून ७० युरोंच्या वर खरेदी असेल तर कर परतीचा अर्ज मागता येतो. त्यावर युरोपीय संघ सोडताना विमानतळावर कस्टमची नोंद लागते आणि वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून ती नोंद झाल्याशिवाय बॅग काउंटरला देऊ नका. भारतात उतरताना करमुक्त सामानाची मर्यादा त्या वेळी किती आहे ते पाहून घ्या आणि बिलं हाताशी ठेवा.

मी मातीकाम शिकते. केशवनगरच्या लाल मातीवर मायोलिका करून पाहिलं, पण भट्टीतून काढल्यावर दोन दिवसांनी ग्लेझवर जाळी पडते. काय चुकतं? (हडपसर)

मातीत चुना कमी आहे. भूमध्य सागराच्या काठची मायोलिकाची माती चुनखडीयुक्त असते, तिच्यात कॅल्शियम ऑक्साइड १५ ते २५ टक्के असतं. अशी माती भाजून थंड होताना ग्लेझपेक्षा जराशी जास्त आकसते, त्यामुळे ग्लेझ दाबात राहतं आणि तडकत नाही. दख्खनची माती बेसॉल्टची, लोह भरपूर, चुना कमी. ती कमी आकसते, मग ग्लेझवर ताण येतो आणि तडे जातात. दोन दिवसांनी दिसतात कारण ताण हळूहळू मोकळा होतो, आणि माती हवेतली ओल पिऊन किंचित फुगतेही.

उपाय म्हणून कोरड्या मातीच्या वजनाच्या १५ ते २० टक्के व्हाइटिंग, म्हणजे बारीक कॅल्शियम कार्बोनेट, घालून पाहा. माती पातळ करून ८० नंबरच्या जाळीतून गाळाच. चुन्याचा मोठा खडा राहिला तर भाजल्यावर तो हवेतली ओल घेऊन फुगतो आणि आठवड्याभराने वरचा पोपडा उडवतो. बिस्किट फायरिंग, म्हणजे ग्लेझ देण्याआधीचं पहिलं भाजणं, १००० अंशांच्या खाली करू नका. माती लाल न राहता फिकट गुलाबी-पिवळसर झाली की चुना कामाला लागला असं समजा.

ग्लेझसाठी सुरुवात अशी करा : शिसंविरहित बोरॉन फ्रिट (आधी वितळवून दळलेली काच) ६५ ते ७० भाग, फेल्डस्पार १५ ते १८, चायना क्ले १० ते १२. त्यावर झिर्कोनियम सिलिकेट ९-१० आणि परवडलं तर टिन ऑक्साइड, म्हणजे कथलाचं ऑक्साइड, ४-५. नुसत्या झिर्कोनियमचा पांढरा थोडा कडक, टूथपेस्टसारखा दिसतो. टिनने त्यात दुधाळपणा येतो. फ्रिट बदललं की उष्णता बदलते, म्हणून १०००, १०३० आणि १०६० अशा तिन्ही अंशांवर टेस्ट टाइल भाजा. रंगाची ऑक्साइडं तितक्याच फ्रिटमध्ये मिसळून लावा, नुसती लावली तर ती कोरडी, धातूसारखी काळी राहतात. कोबाल्ट मात्र फार कमी घ्या. ग्लेझ देण्याआधी बिस्किटला तेलकट बोट लागू देऊ नका, त्या जागी ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडते. मँगनीजची पूड हाताळताना मास्क लावा आणि भट्टीच्या खोलीला खिडकी असू द्या.

शाकाहारी जेवणाचं काय? (नवी पेठ)

सोय होते, पण ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. तिथे मासे मांसात धरत नाहीत. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ असं दोन्ही सांगा. पास्ता आल्ला नोर्मा म्हणजे वांगं, टोमॅटो आणि खारवलेलं रिकोटा चीज. कापोनाता म्हणजे वांग्याची आंबटगोड भाजी, तीत कधी मासे घालतात तेवढं विचारा. तळलेले भाताचे गोळे मिळतात, त्यातला लोण्याचा प्रकार शाकाहारी वाटतो पण आत डुकराच्या मांसाचा तुकडा असतो. पालकाचा घ्या. बदामाचं ग्रानिता निर्धास्त खा, सोबतच्या पावात अंडं असतं.

एक दिवसाची कार्यशाळा करून स्वतः केलेली वस्तू त्याच दिवशी घेऊन येता येईल? (पिंपळे सौदागर)

चाकावर घडवलेली नाही. वाळायलाच आठवडा-दोन आठवडे, नंतर दोन भट्ट्या. तयार ग्लेझ दिलेली फरशी फक्त रंगवायची असेल तर निदान एक भट्टी लागते. ती तापायला आठ-दहा तास आणि निवायला साधारण तितकेच. भट्टी २०० अंशांवर असताना उघडली तर गार हवेने फरशी तडकते, म्हणून घाई करायला सांगू नका. गावात दोन रात्री मुक्काम करा. पहिल्या दिवशी सकाळी रंगवा, पुढची भट्टी कधी लागणार ते आधीच फोन करून विचारा, आणि तिसऱ्या दिवशी निघताना फरशी घ्या. हातात घेताना ती कोमट असेल, ग्लेझमधून बारीक टिणटिण आवाज येत असतील तर ती लगेच गुंडाळू नका. तासभर लाकडी फळीवर राहू द्या.